खेळाडू पारखणारा माणूस: ‘मनीबॉल’च्या पन्नास वर्षं आधीचा ब्रांच रिकी

‘मनीबॉल’ हा पिक्चर तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. ब्रॅड पिट, लॅपटॉपवर आकडे बघत बसलेला एक मुलगा आणि स्वस्तात उचललेले खेळाडू. पिक्चर संपल्यावर असं वाटतं की बेसबॉलमध्ये डेटा २००२ साली आला, आणि त्याआधी सगळे म्हातारे स्काउट नुसते अंदाजपंचे खेळाडू निवडायचे. पण आज मी ज्याच्याबद्दल सांगणार आहे तो माणूस १९६५ सालीच वारला. त्याच्याकडे कॉम्प्युटर नव्हता. पण पगारी आकडेतज्ज्ञ होता, फॉर्म्युला होता आणि शेकडो पोरांचं मोजमाप करणारी यंत्रणा होती. नाव ब्रांच रिकी. ‘४२’ नावाच्या पिक्चरमध्ये हॅरिसन फोर्डने जी भूमिका केलीय, ती याचीच.

बेसबॉल बघत नसाल तरी हरकत नाही, प्रश्न एकदम ओळखीचा आहे. समजा, एखादा पोरगा तालुक्याच्या टेनिस बॉल टुर्नामेंटमध्ये बदाबद सिक्स मारतोय. तो रणजीत टिकेल का? तिथले बॉलर वेगळे, ग्राउंड मोठं, बॉल वेगळा. खालच्या पातळीवरचे आकडे वरच्या पातळीबद्दल नेमकं काय सांगतात? अमेरिकेत वरची पातळी म्हणजे मेजर लीग, तिथे रिकीच्या काळात फक्त १६ टीम होत्या. त्याखाली मायनर लीगच्या पायऱ्या. सगळ्यात खालची क्लास डी, मग सी, बी, ए असं चढत चढत मेजर लीगच्या उंबरठ्यापर्यंत. छोट्या छोट्या गावांतल्या टीम, बसचा प्रवास, तुटपुंजा पगार. या हजारो पोरांमधून कोण वर टिकेल हे दोन-तीन वर्षं आधी ओळखायचं, हे स्काउटचं काम. अशा होतकरू खेळाडूला तिकडे ‘प्रॉस्पेक्ट’ म्हणतात.

स्वतः मात्र साधारण खेळाडू

रिकीचा जन्म २० डिसेंबर १८८१चा, ओहायो राज्यातल्या एका शेतकरी घरात. घरचं वातावरण कट्टर मेथडिस्ट ख्रिश्चन. रविवारी मॅच खेळायची नाही असा शब्द त्याने आईला दिला होता, आणि मेजर लीगमध्ये पोचल्यावरही पाळला. टीमवाले यावर किती खूश असतील याची कल्पना करा.

तो कॅचर होता, म्हणजे साधारण आपला विकेटकीपर. बॅटिंग यथातथाच. बेसबॉलमध्ये अ‍ॅव्हरेज म्हणजे हजार वेळा बॅटिंग केली तर किती वेळा हिट मिळाला, असं समजा. रिकीचं करिअर अ‍ॅव्हरेज ०.२३९. आणि १९०७ साली खांदा दुखावलेला असताना तो एका मॅचमध्ये कॅचर म्हणून उभा राहिला, तेव्हा समोरच्या टीमने त्याच्या नाकावर टिच्चून १३ बेस चोरले. पिचर बॉल टाकत असतानाच रनरने पुढच्या बेसवर पळून जायचं, याला बेस चोरणं म्हणतात. त्याला अडवायला कॅचरचा हात दणकट लागतो. एका कॅचरविरुद्ध एका मॅचमध्ये १३, हा नकोसा विक्रम रिकीच्या नावावर चिकटला. पुढे खेळाडू बघताना तो हाताच्या ताकदीला आणि पळण्याच्या वेगाला एवढं महत्त्व का द्यायचा, याचं एक उत्तर मला त्या दिवसात दिसतं. हे अर्थात माझं मत.

मग टीबी झाला. न्यूयॉर्क राज्यातल्या सारानॅक लेकच्या सॅनेटोरियममध्ये राहून तो बरा झाला, मिशिगन विद्यापीठात कायदा शिकला आणि शिकता शिकता तिथल्या बेसबॉल टीमचा कोच झाला. तिथे त्याच्यासमोर जॉर्ज सिसलर नावाचा पोरगा आला, पिचर म्हणून. रिकी पुढे सेंट लुईस ब्राऊन्स क्लबमध्ये गेला, १९१५ साली सिसलरही तिथे आला आणि पिचिंगऐवजी बॅटिंगमध्येच मोठा झाला. १९२० सालच्या एका सीझनमध्ये त्याने २५७ हिट मारले. तो विक्रम मोडायला इचिरो सुझुकीला २००४ साल उजाडावं लागलं.

गरीब क्लबचा जुगाड

१९१७ साली रिकी सेंट लुईसच्याच दुसऱ्या क्लबमध्ये, कार्डिनल्समध्ये गेला. मध्ये पहिल्या महायुद्धात फ्रान्सला जाऊन आला. कार्डिनल्सची अवस्था बिकट होती, खिशात पैसे नाहीत. त्या काळी मायनर लीगच्या टीम स्वतंत्र मालकांच्या असायच्या आणि चांगला खेळाडू मेजर लीगला विकायच्या. रिकीची नजर चांगली हे सगळ्यांना माहीत. त्याने एखाद्या पोराची किंमत विचारली, की मालक लगेच न्यूयॉर्कच्या श्रीमंत क्लबला कळवायचा. रिकीला आवडलाय म्हणजे माल चांगलाच असणार! पोरगा न्यूयॉर्कला आणि रिकी रिकाम्या हाताने परत.

मग त्याने डोकं लावलं. विकत घेण्याऐवजी पिकवायचं. १९१९-२०च्या सुमारास त्याने मायनर लीगच्या टीममध्येच हिस्सा घ्यायला सुरुवात केली: टेक्सासमधलं ह्यूस्टन, आर्कान्सामधलं फोर्ट स्मिथ, न्यूयॉर्क राज्यातलं सिराक्यूज. हळूहळू डी पासून वरपर्यंत प्रत्येक पायरीवर कार्डिनल्सची आपली टीम झाली. याला ‘फार्म सिस्टिम’ म्हणतात, आणि आज प्रत्येक मेजर लीग क्लब असाच चालतो. एका टप्प्यावर कार्डिनल्सच्या ताब्यात तीसपेक्षा जास्त टीम आणि सहाशेच्या वर खेळाडू होते.

आपल्या साइटच्या भाषेत सांगायचं तर रिकीने सँपल साइझ वाढवला. एकेक हिरा शोधत फिरण्यापेक्षा खूप पोरं स्वस्तात घ्या, सगळ्यांना एकाच पद्धतीने शिकवा, सगळ्यांची नोंद ठेवा, वर्षाला एकेक पायरी चढवा. कोण कुठल्या पायरीवर अडकतो ते आपोआप दिसतं. क्लास सीमध्ये धो धो मारणारा पोरगा पुढच्या पायरीवर चांगला कर्व्हबॉल आला की गप्प होतो. दुसरा वर जाऊनही तसाच खेळतो. हा दुसरा आपला.

याबरोबर खुले ट्रायआउट कॅम्प. शेकडो पोरं यायची. रिकीचं म्हणणं असं होतं की फेकणं आणि पळणं काही मिनिटांत कळतं, आणि ते फारसं शिकवता येत नाही. त्यातही वेग त्याला सगळ्यात प्यारा, कारण तो बॅटिंग आणि फिल्डिंग दोन्हीकडे कामाला येतो. बॅटिंगचं मात्र दोन दिवसांत काही कळत नाही. आज स्काउट प्रत्येक खेळाडूचे पाच गुण बघतात: हिट मारणं, ताकदीने लांब मारणं, पळणं, फेकणं, फिल्डिंग. प्रत्येकाला २० ते ८० मध्ये मार्क, ५० म्हणजे मेजर लीगचा सरासरी खेळाडू. या मार्कांच्या पद्धतीचं श्रेय सहसा रिकीलाच दिलं जातं. ईए एफसीमध्ये प्लेअर कार्डवर पेस, शूटिंग, पासिंगचे आकडे बघता ना, तसंच काहीसं.

आणि हे सगळं चाललं. १९२६, १९३१, १९३४ आणि १९४२ साली कार्डिनल्सनी वर्ल्ड सिरीज जिंकली.

सिस्टिमचा सगळ्यात भारी नमुना म्हणजे स्टॅन म्युझियल. पेनसिल्व्हेनियाचा पोरगा, घेतला पिचर म्हणून. १९४० साली मायनर लीगमध्ये कॅच पकडायला झेप घेताना खांद्यावर पडला, पिचिंगचा हात संपला. एखाद्या लहान क्लबने त्याला घरी पाठवलं असतं. इथे मात्र पायऱ्या भरपूर होत्या, म्हणून त्याला आउटफिल्डर करून १९४१ साली क्लास सीमध्ये टाकलं. तिथे मारलं, म्हणून वर रॉचेस्टरला पाठवलं. तिथेही मारलं, म्हणून त्याच सप्टेंबरमध्ये थेट सेंट लुईस. १२ मॅच, ४७ वेळा बॅटिंग, २० हिट. करिअर संपलं तेव्हा ३,६३० हिट होते आणि सात वेळा लीगमधलं सर्वोत्तम अ‍ॅव्हरेज.

पण पोरांचं काय?

ही बाजू सांगितली नाही तर रिकी उगाच देवमाणूस वाटेल. त्या काळी करारात अशी अट असायची की खेळाडू एकदा क्लबचा झाला, की क्लब सोडेपर्यंत त्याचाच. कार्डिनल्सकडे एकाच जागेसाठी पाच-सहा चांगले खेळाडू असायचे. त्यातला एक वर जायचा, बाकीचे दुसऱ्या कुठल्याही क्लबकडून मेजर लीग खेळले असते पण अडकून पडायचे. जास्तीचे खेळाडू रिकी विकायचा, आणि विक्रीच्या पैशात त्याचा स्वतःचा वाटा असायचा. पगार देताना हात आखडता. पुढे ब्रुकलिनच्या पेपरवाल्यांनी त्याचं नावच चिंगूस पाडलं होतं.

१९३८ साली बेसबॉलचे कमिशनर केनेसॉ माउंटन लँडिस यांनी या लपवाछपवीवर बडगा उगारला आणि कार्डिनल्सच्या सत्तरहून जास्त मायनर लीग खेळाडूंना मोकळं केलं. त्यातला पीट रायझर ब्रुकलिनकडे गेला आणि १९४१ साली नॅशनल लीगचा बॅटिंग चॅम्पियन झाला, वय २२. म्हणजे रिकीची पारख बरोबरच होती, फायदा शेजाऱ्याला झाला.

आणि नजर चुकायचीही. १९४२ साली सेंट लुईसमध्ये एकाच गल्लीतले दोन मित्र ट्रायआउटला आले, दोघेही कॅचर. जो गाराजिओलाला ५०० डॉलर बोनस मिळाला. दुसरा बुटका, बेढब दिसणारा, त्याला कमी देऊ केले. मित्राएवढेच हवेत म्हणून तो निघून गेला, आणि यांकीजनी त्याला तेवढेच पैसे देऊन घेतलं. तो योगी बेरा. खेळाडू म्हणून त्याने दहा वर्ल्ड सिरीज जिंकल्या. रिकीला त्याला ब्रुकलिनसाठी लपवून ठेवायचं होतं असंही काही जण सांगतात, पण मला ही नंतरची सारवासारव वाटते. बेरा अंगकाठीने खेळाडू वाटत नव्हता, एवढं साधं कारण पुरेसं आहे.

डेटामध्ये नसलेली माणसं

१९४२ संपताना रिकी ब्रुकलिन डॉजर्समध्ये आला. युद्ध चालू होतं, बाकीचे क्लब स्काउटिंगचा खर्च कापत होते. रिकीने उलट कोवळी पोरं घेण्याचा सपाटा लावला, युद्ध संपल्यावर परत येतील म्हणून. पण सगळ्यात मोठं काम वेगळं होतं.

मेजर लीगमध्ये काळ्या खेळाडूंना घ्यायचं नाही, असा अलिखित नियम सगळेच पाळायचे. ते वेगळ्या निग्रो लीगमध्ये खेळायचे. म्हणजे स्काउट लोक ज्या यादीतून सर्वोत्तम खेळाडू शोधत होते, त्या यादीतच एक अख्खा समाज नव्हता. मॉडेल कितीही हुशार असू दे, ट्रेनिंग डेटामध्येच नसलेली गोष्ट त्याला कशी दिसणार? एप्रिल १९४५ मध्ये बॉस्टन रेड सॉक्सने जॅकी रॉबिन्सनला ट्रायआउटला बोलावलं होतं. त्यांनी खेळ पाहिला आणि त्याला घेतलं नाही. हाच क्लब पुढे काळा खेळाडू खेळवणारा शेवटचा ठरला, १९५९ साली.

रिकीचा स्काउट क्लाइड सुकफर्थ रॉबिन्सनला घेऊन २८ ऑगस्ट १९४५ रोजी ब्रुकलिनच्या ऑफिसात आला. पळतो, मारतो, खेळतो हे माहीतच होतं. रिकीला मोजायचं होतं ते वीस ते ऐंशीच्या पट्टीवर न येणारं. सुमारे तीन तास त्याने स्वतः शिवीगाळ करणारा प्रेक्षक, हॉटेलचा क्लार्क, मुद्दाम धडक मारणारा खेळाडू यांची सोंगं घेतली, पोरगा उसळून हात उचलतो का ते बघायला. काळ्या खेळाडूकडूनच एवढा संयम का मागायचा, हा प्रश्न आज पडतोच, आणि पडायलाच हवा.

रॉबिन्सनलाही पायरीनेच वर आणलं. १९४६ साली डॉजर्सच्या मायनर टीममध्ये, कॅनडातल्या मॉन्ट्रियल रॉयल्समध्ये. तिथे ०.३४९ अ‍ॅव्हरेज, लीगमध्ये पहिला. १५ एप्रिल १९४७ रोजी वयाच्या २८व्या वर्षी मेजर लीगमध्ये. त्या वर्षीचा सर्वोत्तम नवा खेळाडू तो, १९४९ चा सर्वोत्तम खेळाडू तो. मागून रॉय कॅम्पानेला आणि डॉन न्यूकोंब आले.

यात धर्म, न्याय आणि धंदा तिन्ही होतं, असं मला वाटतं. कुणी हात न लावलेला गुणवत्तेचा साठा दिसत होता, आणि रिकीने तो आधी उचलला. रॉबिन्सनच्या जुन्या टीमला, कॅन्सस सिटी मोनार्क्सना, त्याने एक पैसाही दिला नाही.

वही-पेन्सिलचा डेटा सायंटिस्ट

त्याच १९४७ साली त्याने मॉन्ट्रियलच्या अ‍ॅलन रॉथला नोकरीवर ठेवलं. मेजर लीग क्लबने पगार देऊन ठेवलेला हा पहिला पूर्णवेळ आकडेतज्ज्ञ. रॉथ प्रत्येक मॅचमधला प्रत्येक बॉल हाताने नोंदवायचा: कसा टाकला, कुठे टाकला, पुढे काय झालं, पिचर डावा की उजवा. आज तुमच्या क्रिकेट अ‍ॅपवर बॉल बाय बॉल जे येतं, ते रॉथ कागदावर करत होता.

१९४८ पासून फ्लोरिडातल्या व्हेरो बीचला, नौदलाच्या जुन्या विमानतळावर, डॉजर्सचा मोठा ट्रेनिंग कॅम्प सुरू झाला. मेजर आणि मायनर, सगळे खेळाडू एकाच ठिकाणी. पिचिंग मशीन होती. आणि दोन खांबांना दोऱ्या बांधून केलेली एक चौकट होती. बॉल त्या चौकटीतून गेला की स्ट्राइक. पिचरला त्याचा निकाल ताबडतोब दिसायचा. मला हे साधं उपकरण फार आवडतं. आज टीव्हीवर स्ट्राइक झोनचा जो चौकोन दिसतो, तो रिकीकडे सुतळीचा होता.

१९५४ साली रिकीच्या नावाने ‘लाइफ’ मासिकात एक लेख आला. त्यात बेसबॉलचा एक लांबलचक फॉर्म्युला होता, रॉथसोबत केलेला. बॅटिंगचा गाभा तीन गोष्टींचा. एक, खेळाडू कितीदा बेसवर पोचतो, त्यात फुकट मिळालेला ‘वॉक’ही धरायचा. पिचरने चार बॉल झोनबाहेर टाकले की बॅटरला वॉक मिळतो, आपल्या वाईडसारखं काहीसं. दोन, साध्या हिटपेक्षा किती जास्त लांब मारतो. तीन, बेसवर पोचलेल्यांपैकी किती जण रन काढतात. नुसतं बॅटिंग अ‍ॅव्हरेज अपुरं आहे, आणि ‘आरबीआय’ फसवा आहे, कारण तो पुढचे सहकारी आधी बेसवर होते का यावर ठरतो, असा त्याचा युक्तिवाद. ‘मनीबॉल’मध्ये तो मुलगा ब्रॅड पिटला समजावतो ते बरंचसं हेच. फिल्डिंग मोजायची सोय नाही म्हणून ती बाजूला ठेवली, हेही त्या लेखात सरळ मान्य केलं होतं.

आणि तरीही क्लेमेंते

फॉर्म्युला छापून आला तेव्हा रिकी पिट्सबर्ग पायरेट्स चालवत होता, आणि टीम शेवटून पहिली यायची. १९५२ साली ४२ विजय, ११२ पराभव. (त्याच काळात त्याने खेळाडूंच्या डोक्यावर हेल्मेट चढवली, सुरुवातीला सगळे हसले.) भारताशी या क्लबचं एक नातं आहे. २००८ साली रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या उत्तर प्रदेशातल्या दोन भालाफेकपटूंना पायरेट्सनीच करार दिला. एका टीव्ही स्पर्धेत बॉल किती वेगात फेकतात हे मोजून ते निवडले गेले होते. दोघेही मेजर लीगपर्यंत पोचले नाहीत. पाचातला एकच गुण रडार गनने मोजला तर काय होतं, त्याचं हे ताजं उदाहरण.

१९५४ च्या उन्हाळ्यात सुकफर्थ, तोच रॉबिन्सनला आणणारा, आता पायरेट्ससाठी मॉन्ट्रियलला एक पिचर बघायला गेला. डोळ्यांत भरला तो पोर्तो रिकोचा १९ वर्षांचा आउटफिल्डर, रोबेर्तो क्लेमेंते. डॉजर्सनी त्याला १०,००० डॉलर बोनस देऊन घेतलं होतं आणि मायनरमध्ये कमी खेळवत होते. नियम असा की असा खेळाडू खाली ठेवला तर वर्षअखेरीच्या ड्राफ्टमध्ये दुसरा क्लब त्याला उचलू शकतो. पायरेट्स शेवटच्या नंबरवर होते, म्हणून पहिली निवड त्यांची. २२ नोव्हेंबर १९५४ रोजी त्यांनी ४,००० डॉलरला क्लेमेंते घेतला. अट ही, की त्याला पूर्ण सीझन मेजर लीगमध्येच ठेवायचं.

जानेवारी १९५५ मध्ये रिकीने सान ह्वानला जाऊन त्याला स्वतः पाहिलं आणि रिपोर्ट लिहिला. हाताची तारीफ केली. पण वेगाबद्दल निराश झाला, पळण्याची पद्धत वाईट वाटली. पोरगा निदान एक वर्ष तयार नाही, आणि नियमामुळे तो आता आपल्या गळ्यात पडलाय, असा एकूण सूर. वेग ओळखण्यात ज्याची हयात गेली, त्या माणसाने क्लेमेंतेच्या वेगावर बोट ठेवलं!

गंमत म्हणजे पहिल्या वर्षापुरता तो बरोबर होता, १९५५ साली क्लेमेंतेचं अ‍ॅव्हरेज ०.२५५. नंतर चार वेळा बॅटिंग चॅम्पियन, फिल्डिंगसाठी बारा गोल्ड ग्लव्ह, बरोबर ३,००० हिट. १९६० साली पायरेट्स वर्ल्ड सिरीज जिंकले तेव्हा रिकी १९५५ सालीच खुर्चीवरून उतरलेला होता.

पुढे तो नवी लीग काढायच्या खटपटीत पडला, मग सल्लागार म्हणून कार्डिनल्सकडे परतला. तिथे त्याने सुचवलं की म्युझियलने आता थांबावं. म्युझियल नुकताच ०.३३० मारून बसला होता, त्यामुळे गदारोळ झाला. पुढच्या वर्षी त्याचं अ‍ॅव्हरेज ०.२५५ आलं आणि तो निवृत्त झाला.

१३ नोव्हेंबर १९६५ रोजी मिसुरीतल्या कोलंबिया शहरात एका सन्मान समारंभात भाषण करता करता रिकी कोसळला, आणि ९ डिसेंबरला गेला. ८४ व्हायला अकरा दिवस कमी होते.

त्याचे स्काउटिंग रिपोर्ट अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने स्कॅन करून वेबसाइटवर फुकट ठेवलेत, फोनवरही उघडतात. टाइप केलेली छोटी छोटी पानं, प्रत्येकावर एका पोराचं नाव. बहुतेक नावं मी कधी ऐकलेली नाहीत. क्लेमेंतेचं पान त्यांच्यातच आहे.